हवाई: आईला पोहता येत नाही, मला अर्धवट येतं. पाण्याखालचं काय काय बघता येईल?

देवगडचा_फणस

फेब्रुवारीत आठ दिवस हवाईला जातोय. बिग आयलंड, मुक्काम कोना बाजूला. बे एरियातून विमानाने पाच-साडेपाच तास, म्हणून बायको म्हणाली या वेळी आईंनाही नेऊ, आणि तिकिटं काढून मोकळी झाली.

मंडळी अशी: बायको (रीतसर स्कूबाचा कोर्स केलेली, कार्ड पाकिटात बाळगणारी), मुलगी वय ११ (माशासारखी पोहते), मी (तलावात दोन फेऱ्या, मग धाप) आणि आई. आई ६९ वर्षांची, देवगडची. समुद्र जन्मापासून दारात, पण गुडघ्याच्या वर पाणी कधी लागू दिलं नाही. "समुद्रात पोटासाठी जातात, मजेसाठी नाही" हे तिचं ठाम मत.

नेटवर 'या दहा गोष्टी कराच' छापाच्या याद्या पोत्याने आहेत. मला प्रत्यक्ष गेलेल्यांचं ऐकायचंय. रात्री दिव्यांच्या उजेडात मांटा रे (पंखांसारखे पर असलेला अवाढव्य चपटा मासा) बघायचं ते प्रकरण पैसे वसूल आहे का? मला नुसतं नळी लावून तरंगत काय दिसेल? आणि आई आठ दिवस किनाऱ्यावर बसून काय करेल? कंटाळली तर बोलून दाखवणार नाही, भाड्याच्या घरातली भांडी पुन्हा घासायला घेईल.

बटाटेवडा२०

वाचनखूण साठवली. आम्हीही जाणार आहोत (२०३५ च्या सुमारास).

सातासमुद्रापार

आठ वर्षं ओआहूवर (होनोलुलू शहर आहे ते बेट) काढली, बिग आयलंडला पाच-सहा फेऱ्या झाल्या. जमेल तेवढं लिहिते.

तुमच्यासारख्या अर्धवट पोहणाऱ्याला कोनाजवळचं कहालुउ बरं. जुन्या दगडी बांधाचे अवशेष लाटा बाहेरच्या बाहेर थोपवतात, आत पाणी उथळ. तो बांध मेनेहुने नावाच्या बुटक्या लोकांनी रात्रीत रचला अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडे पांडवांनी रात्रीत देऊळ बांधलं, त्यातलाच प्रकार. बायको आणि मुलीला होनाउनाउच्या 'टू स्टेप'ला न्या. लाव्ह्याच्या खडकाला दोन नैसर्गिक पायऱ्या आहेत, तिथे बसून फिन (पायात घालायचे पोहण्याचे पंजे) चढवायचे आणि सरळ खोल पाण्यात उतरायचं. शेजारीच पुउहोनुआ आहे. जुन्या काळी कपू मोडला, म्हणजे निषिद्ध गोष्ट केली, की शिक्षा मृत्यूची. पण तो माणूस जीव घेऊन पळत-पोहत या आवारात पोहोचला की त्याला अभय. आईंना ही जागा आवडेल, सावलीही आहे.

पाण्यात डोकं घातलंत की कुरुम कुरुम ऐकू येईल. कोणीतरी शेजारी बसून कुरमुरे खातंय असं वाटतं. तो उहू, पोपटमासा. चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडतो, त्यातलं शेवाळ पचवतो, उरलेला चुरा मागच्या दाराने सोडतो. ती वाळू. तिथल्या पांढऱ्या वाळूचा मोठा हिस्सा या कृपेने आलेला आहे, तेव्हा लोळताना आदर बाळगा. :)

आणि फेब्रुवारी आहे, म्हणजे कोहोला, कुबडवाले देवमासे, अलास्काकडून आलेले असणार. श्वास रोखून कान पाण्याखाली ठेवा. लांबवर गाय हंबरल्यासारखं, मग दार करकरल्यासारखं. नशीब असेल तर पोहायला न येताही ऐकू येतं.

नियम थोडे: प्रवाळावर उभं राहायचं नाही, तो दगड नाही. होनूपासून, म्हणजे कासवापासून, दहा फूट लांब. सनस्क्रीन बघून घ्या. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या मलमांची तिथे २०२१ पासून विक्रीच बंद आहे. झिंक ऑक्साइडवालं घ्या. चेहरा सत्यनारायणाला बसलेल्या नवऱ्यासारखा पांढरा दिसतो, पण चालतं.

शेवग्याची_शेंग

सत्यनारायणाचा नवरा पांढरा कधीपासून? तो घामाने चमकतो.

उलटी_पट्टी

मांटाबद्दल मी सांगतो, दोनदा केलंय.

ही गंमत सुरू झाली एका हॉटेलामुळे. गेल्या शतकातल्या सत्तरच्या दशकात केआउहोऊच्या कड्यावर हॉटेल झालं, पाहुण्यांना लाटा दिसाव्यात म्हणून त्यांनी समुद्रावर मोठे दिवे सोडले. दिव्याला प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, जमले, प्लवंगांमागे मांटा आले. आज तेच काम होड्या करतात. तुम्हाला एका फळीला धरून पालथं तरंगायचं असतं, फळीच्या पोटाला दिवे. डायव्हर मंडळी तळाशी, दहाएक मीटरवर, टॉर्च वर करून बसतात. बायको खाली, तुम्ही वर, मधे मांटा. संसाराचं चित्रच म्हणा ना.

पहिली पाच मिनिटं काही नाही, नुसता हिरवा उजेड आणि त्यात साबुदाण्यासारखे ठिपके. मग खालच्या काळोखातून एक पांढरं तोंड येतं. तोंड कसलं, उघडी पेटीच. दहा-बारा फुटांचा पसारा, सरळ तुमच्या पोटाकडे. आता धडकणार असं वाटतं तेव्हा चार बोटांवरून कोलांटी मारून पाठीवर वळतं. कल्ल्यांच्या फटी मोजता येतात. तुम्ही नळीतून ओरडता, सगळेच ओरडत असतात.

नांगी नाही, घाबरू नका. हात मात्र लावायचा नाही, अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की त्यांना रोग होतात. पोटावरच्या ठिपक्यांवरून एकेकाला ओळखतात, नावं ठेवलेली आहेत.

पैसे वसूल. पण होडी रात्री एका जागी डुलत राहते. पोट कच्चं असेल तर आलेपाक न्या. माझं सदस्यनाम उगाच नाही.

चिंटूची_आजी

मुलीला त्यांचा राज्यमासा दाखवा. हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ. डुकरासारखं तोंड असलेला मासा, असा अर्थ. माझ्या नातवाने विमानातून उतरेपर्यंत पाठ केलं होतं. आता शाळेत परवचा म्हणायला सांगितला की हेच म्हणतो.

शेवग्याची_शेंग

"प्रवाळाच्या बेटावर लाट आली धावून, हुमुहुमुनुकुनुकुआपुआआंचं नाव घेते दम खाऊन."

बटाटेवडा२०

हसून हसून पुरेवाट. पुढच्या लग्नात ढापणार.

कोरडा_डॉक्टर

मजा चाललीय, पण थोडं गंभीर. हवाईत पर्यटक बुडण्याच्या घटनांत स्नॉर्कलिंग, म्हणजे हेच नळी लावून तरंगणं, सगळ्यात वर आहे, आणि यातले बरेच जण शांत, उथळ पाण्यात गेलेले असतात. हातपाय मारत, ओरडत असं काही होत नाही. नळीतून श्वास ओढायला जोर लागतो, मध्यम वयाचा माणूस, रक्तदाब, दमछाक, आणि दम लागलाय हे उशिरा कळतं. "जरा धाप लागली" वाटलं की लगेच पाठीवर वळा, नळी काढा, हात वर करा, बाहेर या. लाज बाळगू नका. पाय टेकतील अशा पाण्यात अर्धा तास सराव करून मगच पुढे जा. एकट्याने नाही.

दुसरं, वहिनींसाठी. डाइव्ह केल्यावर विमान कधी पकडायचं हे त्यांना माहीत असेलच (एकाहून जास्त डाइव्ह असतील तर किमान १८ तास). पण बिग आयलंडवर वेगळाच सापळा आहे. रात्री मांटा डाइव्ह, आणि दुसऱ्या दिवशी गाडीने मौना केआ. तो डोंगर ४,२०५ मीटर. समुद्रसपाटीपासून दोन तासांत वर. रक्तात विरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ मिळाला नाही तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात. आधी डोंगर, मग समुद्र, असा क्रम ठेवा. उलट करायचं तर मधे पूर्ण दिवस.

देवगडचा_फणस

बापरे. आमचा बेत नेमका उलटा होता, मंगळवारी मांटा, बुधवारी सकाळी मौना केआ. बायकोला दाखवलं. "मला माहीत होतंच" म्हणाली. पण बेत बदललाय.

पैसे_पाण्यात

एक प्रामाणिक शंका. इतके डॉलर घालून तिकडे कशाला? मालवण-तारकर्लीला स्कूबा होतं की. मासे तेच.

उलटी_पट्टी

मासे ते नाहीत आणि पाणी तर नाहीच. कोनाला मोठी नदी नाही, सगळा काळा लाव्हा, गाळ वाहून येत नाही. चांगल्या दिवशी तीस मीटरवरचं दिसतं. मालवणात तीन-चार मीटर दिसलं तरी होडीवाला नारळ फोडेल.

मी_मुलुंडची

मालवणला नावं ठेवू नका हो, पाण्याखालचं माझं पहिलं दर्शन तिथलंच. पण अनुभव सांगते. कुठे ते लिहीत नाही. दहा मिनिटांचं प्रशिक्षण, त्यातली पाच मिनिटं फोटोचे दर. कान कसे मोकळे करायचे हे "नाक दाबा, फुंका" एवढ्यात उरकलं. मी दुखायला लागल्यावर फुंकलं. तोवर उशीर. आठवडाभर कानात भोंगा.

फणसदादा, तुम्ही बुडी मारणार असाल तर दुखायच्या आधीच, पहिल्या हातभर पाण्यापासून, दर दोन-तीन फुटांना हलकेच कान सोडवत जा. दाबाचा सगळ्यात मोठा फरक वरच्या दहा मीटरमध्येच असतो, तिथे तो दुप्पट होतो. सर्दी असेल तर नकोच.

भांगाची_भरती

मी अलिबागचा. मला एकच प्रश्न. तिथे भरती-ओहोटीचं कसं आहे? आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा. तिकडे चालतं का?

सातासमुद्रापार

@भांगाची_भरती, वेळ सोडा, तिथे पाणी चढतं-उतरतंच तीन फुटांच्या आत. मुंबईला उधाणाला पाच मीटरपर्यंत जातं, त्या हिशेबाने हे म्हणजे बादली हिंदकळल्यासारखं.

पण चंद्राशिवाय त्यांचंही पान हलत नाही. जुन्या हवाई पंचांगात चंद्राच्या तीसही रात्रींना वेगळी नावं आहेत. पहिली कोर हिलो, भरलेला चंद्र माहेआलानी, अमावास्या मुकू. कोणत्या रात्री लावणी करायची, कोणत्या रात्री जाळं टाकायचं, सगळं त्यावर. आणि ओआहूवरच्या वाइकीकी किनाऱ्याला पौर्णिमेनंतर आठ ते दहा दिवसांनी बॉक्स जेलीफिश (डंख करणारे) येऊन लागतात. इतके नेमाने, की जीवरक्षक आधीच तारखा सांगतात. आमच्या घरी कालनिर्णय होतं. मी त्यात पौर्णिमा बघून ऑफिसातल्यांना "या गुरुवारी पोहू नका" सांगायचे. त्यांना वाटायचं मला सिद्धी आहे.

भांगाची_भरती

आमच्या भाषेत वद्य अष्टमी ते दशमी, थोडक्यात.

चिखलवाट

हवाईच्या निसर्गप्रेमाचं कौतुक चाललंय म्हणून विचारतो. मध्यंतरी एक व्हिडिओ पाहिला. ओआहूवर हेएइया नावाच्या ठिकाणी लोक उत्साहाने खारफुटी तोडतायत. करवती घेऊन! इथे आपण एकेका तिवरासाठी कोर्टात भांडतो, २०१८ ला उच्च न्यायालयाने तोडीवर बंदी घातली, आणि तिकडे शाळेची मुलं सहल म्हणून कापतात. हे कसलं प्रेम?

सातासमुद्रापार

कापणाऱ्यांत मीही होते. :) दोन शनिवार, मांड्यांपर्यंत चिखल.

हवाईत खारफुटी मुळात नव्हतीच. १९०२ साली मोलोकाईवर बाहेरून आणून लावली, माती धरून ठेवायला. तिथून बेटाबेटांवर पसरली. हेएइयाला लोको इआ आहे, म्हणजे मत्स्यतळं. काही शतकांपूर्वी लोकांनी दगड हातोहात देत समुद्रातच दोनेक किलोमीटरची भिंत घातली, ८८ एकर पाणी आत घेतलं. भिंतीत माकाहा नावाच्या लाकडी जाळीच्या झडपा. बोटाएवढी पिल्लं फटीतून आत येतात, आतलं शेवाळ खाऊन सुटतात, मग त्याच फटीतून बाहेर जाता येत नाही. खाऊ घालावं लागत नाही, हाकलावं लागत नाही. या भिंतीच्या दगडांत खारफुटीची मुळं घुसली आणि भिंत उसवायला लागली. म्हणून तोडतात.

चिखलवाट

म्हणजे 'परप्रांतीय' झाड म्हणून तोडा? हा तर्क फार लांब जातो.

खाजणवाला

गोंयकार बोलतो. झडपेवरून आठवलं, आमच्या खाजण शेतीत हेच आहे. मातीचा बांध, त्यात मानस, म्हणजे झडपेचं दार. भरतीला दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं, आणि उघडताना जाळं लावलं की मासळी. फरक एवढाच, आमचा बांध भातात खारं पाणी शिरू नये म्हणून. पण बांधाच्या बाहेरच्या अंगाला खारफुटी आम्हाला हवीच, लाटांचा मार तीच खाते. बांधाच्या अंगातच मुळं शिरली तर आमचे जुने लोकही उपटायचे. झाड तेच, जागा कुठली हा प्रश्न.

भांगाची_भरती

रायगडात त्या दाराला उघाडी म्हणतात. बाकी अनुमोदन.

चिखलवाट

जागा कुठली हे ठरवणार कोण, बिल्डरही हेच म्हण...

शेवग्याची_शेंग

थांबा थांबा! हवाईत जेवताना पोईचं भांडं उघडलं की घरात भांडायचं नाही असा दंडक आहे. पोई म्हणजे अळूचा कांदा उकडून कुटलेला लगदा. त्यांच्या कथेत आधी जन्मलेलं मूल मेलेलं होतं, ते पुरलं तिथे अळू उगवलं. मग दुसरं मूल झालं हालोआ, त्याच्यापासून माणसं. म्हणजे अळू आपला थोरला भाऊ, आणि थोरल्या भावासमोर तोंड चालवायचं नाही.

तर मी धाग्यावर भांडं उघडलंय. भांडण बंद.

चिखलवाट

बरं. झाकण लागलं की बोलू.

चिंटूची_आजी

अळू तिकडे कसं लागतं? खाजत नाही?

सातासमुद्रापार

खाजतं हो, अळू ते अळूच. सुईसारखे ऑक्झलेटचे कण असतात. आपण चिंच-आमसूल घालतो, ते नुसतं तासन्‌तास शिजवतात. लाउलाउ म्हणून प्रकार आहे, अळूच्या पानांत डुकराचं मांस किंवा मासा बांधून उकडतात. पान लोण्यासारखं होतं. शाकाहाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं. पोई मला पहिल्यांदा कांजीची खळ वाटली. तिसऱ्या दिवशीची आंबलेली आवडली. एका बोटाची पोई, दोन बोटांची पोई असं दाटपणावरून म्हणतात, जितकी पातळ तितकी बोटं जास्त.

उलटी_पट्टी

पोके विसरू नका. कच्च्या आहीचे, म्हणजे ट्युनाचे तुकडे, मीठ, लिमू नावाचं समुद्री शेवाळ आणि भाजून कुटलेलं कुकुई बी. साध्या किराणा दुकानात वजनावर मिळतं. ते घ्यायचं आणि धक्क्यावर बसून खायचं.

सातासमुद्रापार

देशी कुटुंबासाठी दोन-तीन गोष्टी राहिल्या. वयाने मोठा कोणीही अंकल किंवा आंटी, अगदी पार्किंगवालासुद्धा, आईंना घरच्यासारखं वाटेल. चपला दाराबाहेर. दिशा विचारली तर उत्तर-दक्षिण सांगत नाहीत: माउका म्हणजे डोंगराकडे, माकाई म्हणजे समुद्राकडे. आपली वलाटी-खलाटीच. आणि तिथे राहतो तो प्रत्येक जण 'हवाईयन' नसतो, तो शब्द मूळ वंशाच्या लोकांसाठी. बाकीचे 'लोकल'.

आणि कोणी गाडीत जाळं, गळ, बर्फाची पेटी भरत असेल तर "मासे धरायला चाललात का?" असं विचारू नका. मासे ऐकतात. ते "होलोहोलो" म्हणतात, म्हणजे असंच, फिरायला. होडीवर केळंही नेत नाहीत, अपशकुन.

मी_मुलुंडची

आमच्या आजोबांना निघताना "कुठे?" विचारलं की परत येऊन पाणी पिऊन, दोन मिनिटं बसून मग जायचे. मासे नव्हते, पोस्टात काम होतं.

देवगडचा_फणस

धागा वर काढतोय. परवा परतलो. सगळ्यांचे आभार, विशेषतः डॉक्टरांचे.

आधी कबुली. मांटा बायकोने पाहिले, मुलीने पाहिले, मी चाळीस मिनिटांतली पंधरा पाहिले. उरलेला वेळ होडीच्या कडेवर ओणवा. आलेपाक घेतला होता, तोही समुद्रार्पण. पण त्या पंधरा मिनिटांत एक मांटा इतकं जवळ आलं, की त्याच्या डोळ्याची कड हलताना दिसली. मुलगी अजून जेवताना कोलांटी करून दाखवते.

कहालुउला कुरुम कुरुम ऐकलं. देवमाशाचं गाणं दुसऱ्या दिवशी ऐकू आलं. आधी वाटलं माझीच नळी वाजतेय.

आता आई. पहिल्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर बसली आणि तासाभराने विचारलं, "ओहोटी कधी लागणार?" मी म्हटलं, लागलीय. "मग पाणी का हटत नाही?" तीन फुटांचं सांगितलं. तिला पटलं नाही. दुपारपर्यंत एका खडकावर नजर लावून बसली. तिथे चार बोटं ओलावा दिसला तेव्हा म्हणाली, "एवढ्याशात कालवं कशी काढतात मग?"

याचं उत्तर तिला तिसऱ्या दिवशी मिळालं. एक अंकल लाटा फुटत होत्या तिथल्या काळ्या खडकावरून ओपिही खरवडत होता. टोपीसारखा शंख, खडकाला घट्ट. लाट आली की हा मागे, लाट गेली की सुरी घालून एक उचकटायचा, पण पाठ एकदाही समुद्राकडे केली नाही. आई पदर खोचून बघत होती. "वरचा सोड, तो लहान आहे" असं मराठीत ओरडली. त्याने खरंच लहान सोडला होता. परत आल्यावर त्याने दोन शंख तिच्या हातावर ठेवले, कच्चे खातात म्हणून दाखवलं. तिने घरी आणून फोडणीला टाकले.

त्याच्याबरोबर एक आंटी होत्या, चाफ्याची फुलं सुईने ओवत. आई म्हणाली चाफा आमच्याकडे देवळामागे असतो, आणि बिनसुईचा वळेसर, म्हणजे गजरा, करून दाखवला. पुढचे चार दिवस दोघी तिथेच. भाषा कोणती, मला विचारू नका. सातासमुद्रापार ताई, अंकल दुसऱ्या दिवशी पेटी भरत होते तेव्हा मी तोंड उघडायच्या आत आईनेच मला चिमटा काढला.

पाण्यात गुडघ्यापर्यंतच गेली. एक कासव सरळ तिच्या पायाशी आलं. दहा फुटांचा नियम मुलीने तिला पाठ करून घेतला होता, त्यामुळे ही मागे, कासव पुढे, ही आणखी मागे, असं करत ते दोघं जवळजवळ पार्किंगपर्यंत पोचले.

भांगाची_भरती

फोडणीचे ओपिही कसे लागले?

देवगडचा_फणस

दोनच होते. आम्हाला कुठे दिले.

चिखलवाट

छान वृत्तांत. भांड्याला झाकण लागलंय असं समजून खारफुटीचा वेगळा धागा काढतोय.